सीडी ट्रान्सपोर्ट स्वस्तात घ्यायचाय? मग पैसे कशाचे मोजायचे ते आधी ठरवा

सीडी ट्रान्सपोर्ट म्हणजे अर्धा सीडी प्लेअर. तबकडी फिरवायची, लेझरने वाचायची आणि वाचलेले आकडे डिजिटल वायरीतून बाहेर सोडायचे, एवढंच त्याचं काम. त्या आकड्यांचा आवाज करणारा भाग, म्हणजे डॅक, त्यात नसतोच. तो तुम्ही वेगळा घेतलेला असतो किंवा तुमच्या अँप्लिफायरमध्ये आधीच बसवलेला असतो. म्हणून ट्रान्सपोर्टच्या पाठीमागे लाल-पांढऱ्या सॉकेटांची नेहमीची जोडी दिसत नाही. एक कोॲक्सियल (साध्या धातूच्या वायरीचं), एक ऑप्टिकल (प्रकाश नेणाऱ्या वायरीचं), क्वचित आणखी एखादं, संपलं.

यंत्र अर्धंच, तर किंमतही निम्मी असावी असं कुणालाही वाटेल. बाजारात मात्र साध्या प्लेअरपेक्षा महाग ट्रान्सपोर्ट सर्रास दिसतात आणि वरच्या टोकाला तर किमतींना धरबंध नाही. जाहिरातींची भाषाही ठरलेली: आवाज ‘मोकळा’ होतो, स्टेज ‘रुंद’ होतो, बास ‘घट्ट’ होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्रान्सपोर्टमध्ये पैसे मोजायचे ते यंत्राच्या घडणीचे, टिकाऊपणाचे आणि रोजच्या वापरातल्या सोयीचे. आवाजासाठी म्हणून जे काही राखून ठेवलं असेल ते स्पीकरवर घाला. असं का, हे कळण्यासाठी तबकडीच्या पोटात थोडं शिरावं लागेल.

तबकडीवर नेमकं काय असतं

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून सीडीचं तांत्रिक मानक १९८० साली ठरवलं. ‘रेड बुक’ म्हणतात ते हेच. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला. तेव्हापासून ऑडिओ सीडीचा साचा बदललेला नाही: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. आजच्या इंटरनेटच्या मानाने हा ओघ अगदीच किरकोळ आहे. हे लक्षात ठेवा, कारण ‘हा प्रचंड डेटा हाताळायला खास यंत्रणा लागते’ असं कुणी सांगू लागला तर त्यात दम नाही.

१२ सेंटिमीटरच्या तबकडीवर हे बिट एकाच सलग सर्पिल रेघेत, म्हणजे गोल-गोल फिरत रुंदावत जाणाऱ्या रेघेत, असतात. रेघ आतून सुरू होते आणि बाहेरच्या कडेकडे जाते. उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. शेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये अंतर फक्त १.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून जास्त फेऱ्या. रेघेवर खड्डे असतात आणि त्यांची लांबी कमी-जास्त असते. ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर त्यांवरून सरकतो आणि परतणारा प्रकाश जिथे कमी-जास्त होतो त्यावरून बिट ठरतात.

लेझरखालून रेघ सरकण्याचा वेग सगळीकडे सारखा ठेवायचा असल्याने, पहिलं गाणं वाजताना तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि शेवटाकडे येता येता २०० वर उतरते. यंत्र जर घरघरत असेल तर ते पहिल्या गाण्यालाच सर्वात जास्त घरघरेल. दुकानात ऐकताना ही गोष्ट उपयोगी पडते.

लेझरला हे जमवताना बरीच कसरत करावी लागते. तबकडी कधीच तंतोतंत सपाट नसते, फिरताना तिची कड काही दशांश मिलिमीटर वर-खाली होते. लेन्सला मात्र फोकस अवघ्या काही मायक्रॉनच्या आत धरून ठेवायचा असतो. मधलं भोकही अगदी नेमक्या मध्यावर नसतं, त्यामुळे एका फेऱ्यात रेघ डझनावारी फेऱ्यांच्या रुंदीइतकी डावी-उजवीकडे डुलते. लेन्सभोवतीच्या इवल्याशा कॉइल तिला सतत वर-खाली, आत-बाहेर हलवत हा सगळा पाठलाग करतात. या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेला सर्व्हो म्हणतात. ट्रान्सपोर्टची खरी गुणवत्ता इथे असते: लेन्स, मोटर, सर्व्हो आणि त्यांना धरणारी चौकट.

ओरखडा पडला तरी गाणं का अडत नाही

वाचताना चुका होणारच, हे सीडी घडवणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं. प्रत्येक २४ बाइट संगीतामागे ८ बाइट निव्वळ दुरुस्तीसाठी लिहिलेले असतात. शिवाय संगीताचे बाइट एकमेकांशेजारी लिहिले जात नाहीत, ते दूर-दूर विखरून टाकलेले असतात. त्यामुळे एखादा ओरखडा सलग तुकडा खाऊन गेला तरी परत ओळीत लावल्यावर ते नुकसान इकडे एक बाइट, तिकडे एक बाइट असं पसरतं. उरलेल्या बाइटांवरून गेलेला बाइट गणिताने काढता येतो. त्याला अंदाज म्हणता येणार नाही, मूळ आकडा जसाच्या तसा परत मिळतो. रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी ही दुरुस्ती पूर्ण होऊ शकते.

चुका किती चालतील याचीही मर्यादा ठरलेली आहे. सेकंदाला ७,३५० फ्रेम, म्हणजे वर सांगितलेल्या बाइटांचे गट, वाचल्या जातात आणि त्यातल्या २२० पर्यंत सदोष निघाल्या तरी तबकडी नियमात बसते. म्हणजे कारखान्यातून नवीकोरी आलेली सीडीही ‘चुका’ करतच वाजते आणि त्या सगळ्या जागच्या जागी दुरुस्त होतात.

नुकसान याहून मोठं असेल तर यंत्र मागच्या-पुढच्या नमुन्यांवरून मधला अंदाजाने भरतं. तेही जमलं नाही तर क्षणभर आवाज बंद करतं किंवा टक् असा आवाज येतो, गाणं उडी मारतं. ही पायरी महत्त्वाची आहे. वाचन बिघडलं तर ते असं बिघडतं: टिकटिक, खंड, उडी. ‘आवाजातला गोडवा थोडा कमी झाला’ अशा पद्धतीने बिट बिघडत नाहीत.

ओरखड्यांबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. चकचकीत बाजूला लेझर आत शिरतो तेव्हा त्याचा ठिपका साधारण पाऊण मिलिमीटर रुंद असतो. १.२ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक पार करून खड्ड्यांपर्यंत पोचेस्तोवर तो दीड-दोन मायक्रॉनवर येतो. त्यामुळे पृष्ठभागावरची बारीक धूळ किंवा रेघोट्या त्याच्या फोकसमध्येच नसतात. धोका आहे तो छापील बाजूला. चांदीसारखा थर तिथे लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो आणि तिकडून पडलेला खोल ओरखडा थर कायमचा खरवडून नेतो. पुसायची झाली तर सीडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल-गोल पुसताना ओरखडा उमटला तर तो रेघेला समांतर जातो आणि सलग मोठा तुकडा खातो.

मग जिटरचं काय?

‘बिट सारखेच असले तरी त्यांची वेळ चुकते,’ हा महागड्या ट्रान्सपोर्टच्या बाजूने होणारा युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. तबलजीने ठेक्याचे बोल सगळे बरोबर वाजवले, पण एखादी मात्रा किंचित आधी आणि एखादी किंचित नंतर पडली, तर बोल चुकला असं म्हणता येत नाही, लय हलली असं म्हणतात. डॅकला नमुना मिळतो तो बरोबर, पण तो आवाजात बदलायचा क्षण मागे-पुढे झाला तर त्याला जिटर म्हणतात.

हा प्रश्न ट्रान्सपोर्टपर्यंत पोचतो याचं कारण वायरीत आहे. ट्रान्सपोर्ट आणि डॅक यांना जोडणारी पद्धत म्हणजे एस/पीडिफ; नावातला ‘एस’ सोनीचा आणि ‘पी’ फिलिप्सचा. या पद्धतीत संगीत आणि त्याचं घड्याळ एकाच वायरीतून एकत्र जातं. घड्याळ ट्रान्सपोर्टचं, डॅकने त्याच्यामागे चालायचं. म्हणजे ट्रान्सपोर्टचं घड्याळ डळमळीत असेल आणि डॅक बापडा निमूट त्याच्या मागोमाग जाणारा असेल, तर डळमळ आवाजात उतरू शकते. १९८० च्या दशकाच्या शेवटी दोन पेट्यांची पद्धत नवी होती तेव्हा ही तक्रार खरी होती.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक, डॅक सुधारले. आजचा साधासा डॅकसुद्धा आलेल्या संकेतातून घड्याळ काढताना त्यातली थरथर मोठ्या प्रमाणात गाळतो, आणि कित्येक डॅक तर आलेले नमुने आपल्या स्मृतीत घेऊन किंवा नव्याने मोजून स्वतःच्या घड्याळाच्या तालावर सोडतात. दुसरं, माणसाच्या कानाची मर्यादा तपासली गेली. बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मांडलेल्या प्रयोगात, संगीत ऐकताना जिटर ओळखू यायला तो निदान वीसेक नॅनोसेकंदांपर्यंत न्यावा लागला होता. आजच्या नीट बनवलेल्या स्वस्त यंत्रांचा जिटर याच्या कितीतरी खाली असतो.

म्हणून ट्रान्सपोर्ट बदलण्याआधी आपला डॅक कसा आहे हे बघा. तो दहा-पंधरा वर्षांतला, बऱ्या कंपनीचा असेल तर जिटरची चिंता सोडून द्या. तीस वर्षांपूर्वीचा, हौसेने जपलेला डॅक असेल तर ट्रान्सपोर्टच्या घड्याळाला थोडा अर्थ उरतो.

दोन ट्रान्सपोर्टमध्ये फरक ‘स्पष्ट ऐकू येतो’ असं सांगणारे लोक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. फक्त त्यांना एकदा पडद्याआड कोणतं यंत्र वाजतंय हे न सांगता ऐकवून बघावं. फरक तरीही टिकला तर त्याचं कारण बहुतेकदा शोधून सापडण्यासारखं असतं: अर्थिंगमुळे येणारी हम्म, किंवा एखादं यंत्र गुपचूप संकेतात ढवळाढवळ करत असणं. त्याकडे पुढे येतोच.

पेटीच्या आत कोणाचं यंत्र आहे?

सीडीची मागणी ओसरल्यावर लेझर-पिकअप (लेझर आणि लेन्स असलेला वाचणारा भाग) आणि मेकॅनिझम (तो भाग आणि मोटर धरणारी यंत्रणा) बनवणारे मोजकेच उरले. फिलिप्सचं नावाजलेलं सीडी-प्रो२ मेकॅनिझम बंद झालं आणि ते वापरणाऱ्या महागड्या यंत्रांचे मालक सुट्या भागांसाठी वणवण करू लागले. आजही ठोकळ्यासारख्या ॲल्युमिनियमच्या जाड पेटीत बसवलेला पिकअप आणि साध्या प्लेअरमधला पिकअप यांची जात एकच असू शकते. टीॲकच्या व्हीआरडीएससारखी तबकडीला वरून पूर्ण आधार देणारी स्वतःची मेकॅनिझम बनवणारे आहेत, पण ती वेगळ्याच किमतीची दुनिया आहे.

परवडणाऱ्या गटात दोन विचारांची यंत्रं दिसतात. एक फक्त ऑडिओ सीडीसाठी बनवलेली, मूळ वेगानेच फिरणारी. केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी याच जातीचा: ट्रे उघडणारा, ॲनालॉग आउटपुट नसलेला, कोॲक्सियल आणि ऑप्टिकल देणारा. दुसरा विचार पुढचं आधीच वाचून स्मृतीत साठवण्याचा. ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी हा स्लॉटमध्ये तबकडी ओढून घेणारा ट्रान्सपोर्ट, आणि त्यात आगाऊ वाचन करून साठवणारा बफर असल्याचं कंपनी सांगते. मूळ वेगाने वाचणाऱ्या यंत्राला चुकलेला तुकडा परत वाचायला उसंत नसते. साठा हाताशी असलेल्या यंत्राला ती मिळू शकते. तुमच्या संग्रहात ग्रंथालयातून किंवा जुन्या बाजारातून आलेल्या ओरखडलेल्या सीडी जास्त असतील तर ही गोष्ट तोलून बघा.

ही दोन नावं दिली ती ओळख पटावी म्हणून. माझी शिफारस म्हणून त्यांच्याकडे बघू नका. मॉडेलं येतात-जातात, बघायच्या गोष्टी त्याच राहतात.

कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हवर आधारलेली मेकॅनिझम टाळावीशी वाटतात. ती वाचतात उत्तम, पण तबकडी घातल्यावर गाण्यांची यादी वाचायला वेळ लावतात, दोन गाण्यांमध्ये कधी चुटपुटती पोकळी सोडतात आणि आवाज करतात. मैफिलीच्या सलग रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक बदलताना टाळ्यांचा आवाज क्षणभर तुटला की रसभंग होतो. ऑडिओसाठीच बनवलेल्या यंत्रात हे होता कामा नये.

कदाचित ट्रान्सपोर्ट तुमच्या घरात आहेच

सर्वात परवडणारा पर्याय बरेचदा माळ्यावर असतो. जुन्या सीडी प्लेअरच्या पाठीमागे ‘डिजिटल आउट’ लिहिलेलं एखादं सॉकेट आहे का बघा. कोॲक्सियल सॉकेटला अनेकदा नारिंगी रंग दिलेला असतो, ऑप्टिकलला छोटं चौकोनी झाकण असतं. ते असेल आणि यंत्र सीडी नीट वाचत असेल, तर तो प्लेअर आजपासून ट्रान्सपोर्टच आहे. त्याच्या आतला डॅक जुना, कंटाळवाणा असला तरी बिघडत नाही, कारण डिजिटल आउटपुट त्याला वळसा घालून बाहेर पडतं.

डीव्हीडी आणि ब्लू-रे प्लेअरही चालतात, पण तिथे एक मेख आहे. त्यांतले काही ४४.१ किलोहर्ट्झचा संकेत ४८ मध्ये बदलून बाहेर सोडतात, म्हणजे प्रत्येक नमुना नव्याने मोजलेला. डॅकच्या डिस्प्लेवर सीडी वाजताना ४४.१ दिसायला हवं. ४८ किंवा ९६ दिसलं तर सेटिंगमध्ये शोधा. डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (न दाबलेल्या साध्या डिजिटल आवाजावर) ठेवा, आवाज सपाट करणारे आणि दुय्यम ध्वनी मिसळणारे पर्याय बंद करा. शिवाय या यंत्रांना गाण्याचा क्रमांक दाखवायला धड डिस्प्ले नसतो, आणि सीडीसाठी टीव्ही लावायचा हे काही खरं नाही.

सगळा संग्रह एकदाच कॉम्प्युटरवर उतरवून घेणं हा आणखी एक मार्ग. त्यात शंकास्पद तुकडा पुन्हा-पुन्हा वाचता येतो आणि दुसऱ्यांनी त्याच सीडीच्या काढलेल्या प्रतीशी ताडूनही बघता येतो, त्यामुळे अचूकतेच्या दृष्टीने तो कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या तोडीस तोड आहे. पण ज्याला कव्हर हातात घेऊन, एक तबकडी निवडून, ती शेवटपर्यंत ऐकायची आहे त्याला हे सांगून उपयोग नाही. ट्रान्सपोर्ट त्याच्यासाठीच असतो.

वायर आणि सॉकेट

इथे पटकन आटपतो, कारण सर्वात जास्त पैसे फुकट जातात ते इथेच. कोॲक्सियलला ७५ ओहमची वायर लागते. जुन्या टीव्हीला जोडायची पिवळ्या टोकाची व्हिडिओ वायर नेमकी तीच असते आणि ती चालते. ऑप्टिकल वायरीतून प्रकाश जातो, त्यामुळे दोन यंत्रांचं अर्थिंग एकमेकांना भिडत नाही. स्पीकरमधून हम्म येत असेल तर आधी ऑप्टिकल लावून बघा. तिला घट्ट पीळ किंवा काटकोनी मोड देऊ नका. सीडीच्या वेगासाठी दोन्ही पुरेशा आहेत. तीन टोकी एक्सएलआर सॉकेट फार लांब वायर ओढायची असेल तर कामाचं. एचडीएमआयच्या आकाराच्या सॉकेटातून आय-टू-एस (संगीत आणि घड्याळ वेगवेगळ्या तारांतून नेणारी पद्धत) देणारी यंत्रंही मिळतात, पण त्याला सर्वमान्य जोडणी नाही. एका कंपनीचा ट्रान्सपोर्ट दुसऱ्या कंपनीच्या डॅकशी बोलेलच असं नाही.

दोन फसवी सॉकेटं: पुढच्या बाजूचं यूएसबी बहुतेक वेळा पेनड्राइव्ह घालायला असतं, त्यातून डॅकला काही जात नाही. आणि ‘ब्लूटूथने पाठवतो’ असं म्हणणारा ट्रान्सपोर्ट संगीत दाबून लहान करून पाठवतो. मग तबकडी फिरवायचा खटाटोप कशाला?

दुकानात काय करून बघायचं

घरून तीन सीडी घेऊन जा. एक भरगच्च, पाऊण तासापेक्षा बरीच मोठी, ७४ मिनिटांच्या वर असली तर उत्तम. एक घरी कोरलेली सीडी-आर. एक ओरखडे असलेली, पण इतरत्र वाजते हे तुम्हाला माहीत असलेली.

भरगच्च सीडी घाला आणि यादी वाचून आकडे दिसायला किती वेळ लागतो ते बघा. मग थेट शेवटचं गाणं लावा. तबकडीची बाहेरची कड सर्वात जास्त डुलते, म्हणून सर्व्होची परीक्षा तिथे होते. तिथून एकदम पहिल्या गाण्यावर उडी मारा. पिकअप रेलवरून पूर्ण लांबी धावेल आणि त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येईल. आता अँप्लिफायरचा आवाज बंद करून यंत्राच्या हातभर अंतरावर कान न्या. पहिलं गाणं, ५०० फेरे. हलकी सुरसुर चालेल, पण घरघर किंवा ठराविक अंतराने टक-टक नको. रात्री शांत खोलीत सतारीची आलापी लावाल तेव्हा ही टक-टक छळेल.

सीडी-आर घालायचं कारण वेगळं आहे. छापील सीडीपेक्षा तिच्यावरून प्रकाश थोडा कमी परततो. सीडी-आरडब्ल्यूवरून तर फारच कमी. लेझर कमजोर होऊ लागला की यंत्र सर्वात आधी यांनाच नकार देतं. जुना प्लेअर घेताना हीच चाचणी सर्वात बोलकी. ड्रॉवर अर्धवट उघडून अडकत असेल तर घाबरू नका, आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो आणि तो बदलणं सोपं आहे. शेवटची गाणी अडखळत असतील तर रेलवरचं ग्रीस सुकलेलं असू शकतं. लेन्सवर धूळ असेल तर फुंकणीने उडते. पण धूळ काढूनही यंत्र एकही तबकडी ओळखत नसेल, तर संशय थेट पिकअपवर. तो अजून मिळतो का हे कळल्याशिवाय व्यवहार करू नका.

तबकडी आत घालायची पद्धत ही आवडीची बाब आहे, तरी एक-दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्लॉटमध्ये ८ सेंटिमीटरची छोटी सीडी किंवा वेगळ्या आकाराची सीडी घालू नका, ती आत अडकते. वरून उघडणाऱ्या यंत्रावर दुसरं काही ठेवता येत नाही आणि तबकडी दाबून धरणारी छोटी चकती वेगळी असेल तर ती हरवते. ट्रे जुनाट दिसतो, पण माझी पसंती त्यालाच. रिमोटवर गाण्याच्या क्रमांकाची थेट बटणं आहेत का आणि डिस्प्ले बसल्या जागेवरून वाचता येतो का, हे रोज जाणवणारे मुद्दे आहेत. तांत्रिक पत्रकात ते कधी सापडत नाहीत.

ज्या गोष्टी दुकानदार सांगत नाही

एसएसीडीवर, म्हणजे सीडीनंतर आलेल्या ‘सुपर ऑडिओ सीडी’वर, भिस्त असेल तर सावध. ‘हायब्रिड’ एसएसीडीत साध्या सीडीचाही थर असतो आणि सीडी ट्रान्सपोर्ट फक्त तोच वाचतो. फक्त एसएसीडीचाच थर असलेली तबकडी त्यात मुळीच वाजणार नाही.

जुन्या सीडी जमवणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट. १९८० च्या दशकातल्या काही तबकड्या, विशेषतः सुरुवातीच्या जपानी, प्री-एम्फसिस वापरून छापलेल्या आहेत. त्यांत वरचे सूर मुद्दाम चढवून लिहिलेले असतात, वरच्या टोकाला सुमारे ९ ते १० डेसिबल, आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे असतात. तबकडीवर तशी खूण असते. ट्रान्सपोर्टने ती खूण पुढे पाठवायची आणि डॅकने ती मानायची. सध्याचे अनेक डॅक या खुणेकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग झांजा कानात टोचतात, आवाज पातळ होतो आणि बोल सगळा ट्रान्सपोर्टला किंवा ‘त्या काळच्या डिजिटल’ला लागतो. अख्ख्या संग्रहात दोन-चारच सीडी अशा कर्कश वाजत असतील तर हे तपासा. काही ट्रान्सपोर्ट हे सूर स्वतःच उतरवून पाठवतात. तुमच्याकडे अशा तबकड्या बऱ्याच असतील तर घेण्याआधी विचारा.

आणि घरी आणल्यावर ट्रान्सपोर्ट बिट जसेच्या तसे पाठवतोय का, याची एक फुकटची चाचणी आहे, फक्त तुमच्या किंवा मित्राच्या घरी डीटीएस (अनेक स्पीकरांचा आवाज सांकेतिक रूपात साठवायची पद्धत) वाचणारा होम थिएटर रिसीव्हर हवा. डीटीएसमध्ये छापलेली एखादी संगीताची सीडी मिळवा. ती साध्या डॅकला लावली तर नुसता खरखराट येतो, म्हणून आवाज आधी कमी ठेवा. ट्रान्सपोर्ट रिसीव्हरला जोडून ती वाजवा. त्या खरखराटात दडवलेला सांकेतिक ओघ रिसीव्हरला तेव्हाच ओळखता येतो जेव्हा प्रत्येक बिट जागच्या जागी असतो. ट्रान्सपोर्टने आवाज किंचितही कमी-जास्त केला किंवा नमुने नव्याने मोजले, तर ओघ मोडतो. रिसीव्हरवर ‘डीटीएस’ अक्षरं उजळली आणि संगीत सुरू झालं, की तुमचा स्वस्तातला ट्रान्सपोर्ट कितीही महागड्या ट्रान्सपोर्टइतकेच बिट पोचवतोय.